मला ही गोळी मानवत नाही

कुरकुंभच्या एमआयडीसीत औषध किलोवर मोजतात. सिप्ला, एमक्यूअर अशा कंपन्यांचे कारखाने दौंड तालुक्यातल्या या वसाहतीत आहेत, आणि गोळीच्या पोटात जे खरं औषध असतं ते अशाच ठिकाणी पिंपं भरून तयार होतं. पुढे ते कुठे कुठे फिरतं, गोळी होतं, पाकिटात शिरतं, आणि कधीतरी चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरच्या एखाद्या मेडिकलच्या फळीवर येऊन बसतं. तिथे त्याचं माप मिलिग्रॅमचं झालेलं असतं: ७५, ३००, ५००. हे आकडे कुणाच्या अंगावर बेतले, हा प्रश्न विकणाऱ्याला पडत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. चप्पल घेताना आपण नंबर सांगतो; गोळी मात्र फ्री साइजची.

पडत नाही, हे तरी कसं म्हणू? पडतो, फक्त वेगळ्या शब्दांत. ‘मला ती गोळी मानवत नाही.’ ‘त्याच औषधानं शेजारणीला दोन दिवसांत गुण आला, मला काडीचा नाही.’ ‘इंजेक्शन सोसतं, गोळी सोसत नाही.’ ओपीडीत ही वाक्यं दिवसभर कानांवर पडतात आणि बहुतेक वेळा तिथेच विरतात. बाई म्हणाली तर मनाचे खेळ, म्हातारा म्हणाला तर हेका, शिकलेला पोरगा म्हणाला तर गूगल. माझी एक आत्या खोकल्याचं एक ठरावीक औषध चमचाभर घेतलं की दुपारपर्यंत उठायची नाही. आम्ही पोरं तिला हसायचो. डॉक्टरही हसले होते.

माझं म्हणणं असं, की हे वाक्य केसपेपरवर लिहिण्याच्या लायकीचं आहे. जनुकशास्त्रानं साठ-सत्तर वर्षांत त्याला भक्कम आधार दिलेला आहे. तो आधार शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांपर्यंत आणायचा, तर महागड्या तपासणीच्या आधी एक वही लागेल, आणि त्या वहीत काय लिहायचं नाही हेही ठरवावं लागेल.

आधी यंत्र समजून घेऊ. पोटात गेलेलं बरंचसं औषध यकृतातून जातं आणि तिथली एन्झाइमं त्याची मोडतोड करतात. केडगाव पट्ट्यातली गुऱ्हाळं पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. एका जातीचं औषध उसासारखं असतं. मोळी आणून टाकली म्हणजे गूळ झाला असं होत नाही. यकृताच्या चरकातून ते निघालं तरच त्याचा उपयोग. चरक मंद असेल तर ऊस अंगणात पडून राहतो. दुसऱ्या जातीचं औषध कालव्याच्या पाण्यासारखं. आलं तेव्हाच कामाचं, पण वेळेत निचरा व्हायला हवा. चर तुंबलेला असेल तर त्याच पाण्यानं जमीन चिबड होते, आणि फार खोल असेल तर मुळाला लागायच्या आत पाणी निघून जातं. तुमचा चरक किती दणक्याचा आणि चर किती खोल, हे ठरवणारी जनुकं आईबापांकडून येतात. त्याला सातबारा नसतो, एवढंच.

उसाच्या जातीचं ठळक उदाहरण म्हणजे क्लोपिडोग्रेल. अँजिओप्लास्टी करून आलेल्या माणसाच्या औषधांच्या पिशवीत ही ७५ मिलिग्रॅमची गोळी पुष्कळदा सापडते. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ती. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. सीवायपी-२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाला लावतं. या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या असतील, तर माणूस घड्याळ लावून गोळी घेतो आणि रक्तातल्या प्लेटलेट मात्र चिकटायच्या तशा चिकटत राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा छापायला लावला. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये ‘नाइस’ या संस्थेनं शिफारस केली, की मेंदूतल्या गुठळीमुळे पक्षाघात झालेल्यांना हे औषध देण्याआधी जनुक तपासावं. आणि भारतीयांमध्ये हा बिघाड युरोपीयांपेक्षा बराच जास्त आढळतो. एक तरी बिघडलेली प्रत असणारे निम्म्याच्या आसपास, दोन्ही बिघडलेल्या असणारे दहात एक किंवा थोडे अधिक.

मग प्रत्येक स्टेंटवाल्याची तपासणी करावी का? प्रयोगशाळा चालवणारे ‘हो’ म्हणतील. हृदयरोगतज्ज्ञांत एकमत नाही, कारण आधी तपासून औषध ठरवल्यानं किती जीव वाचतात याबद्दल मोठ्या चाचण्यांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत. टिकाग्रेलोरसारखी दुसरी गोळी आहे, तिला हा चरक लागत नाही. पण ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि तिनं रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मला यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्टेंट पुन्हा बंद झालेला माणूस ‘गोळी एक दिवस चुकवली नाही हो’ असं सांगतो, तेव्हा त्याच्याकडे खोटं बोलतोय अशा नजरेनं बघण्याचा अधिकार आता कुणाला राहिलेला नाही. जनुकशास्त्रानं रोग्याला दिलेली ही पहिली देणगी: त्याचा शब्द.

पाण्याच्या जातीची गोष्ट जुनी आहे आणि शहाणपणाची. क्षयरोगावर आयसोनियाझिड आलं १९५२ मध्ये. थोड्याच वर्षांत दिसलं, की काहींच्या अंगातून ते झपाट्यानं निघून जातं आणि काहींच्या अंगात रेंगाळतं. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रानं या फरकाचा बारकाईनं पाठपुरावा केला. आठवड्यातून एकदाच औषध दिलं, तर झपाट्यानं निचरा करणाऱ्यांचा क्षय नीट हटत नव्हता. रेंगाळणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येत, नसा अधू होत. आणि भारतीयांत रेंगाळणारे निम्म्याहून जास्त. यावर त्यांनी काय केलं? प्रत्येकाची जनुकं तपासली नाहीत. तेव्हा ते शक्यही नव्हतं. त्यांनी दाखवून दिलं, की ब-६ जीवनसत्त्वाची छोटीशी मात्रा सोबत दिली की नसा वाचतात. टीबीच्या गोळ्यांबरोबर आज जी ब-६ची गोळी मिळते तिच्यामागे हा इतिहास आहे. आठवड्यातून तीनदा गोळ्या देण्याची पद्धत मोडून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानं २०१७ मध्ये रोजच्या गोळ्या सुरू केल्या. त्याची कारणं अनेक होती, पण चर खोल असलेल्यांना त्याचा फायदा न सांगता झाला.

जनुकांबद्दलचं ज्ञान म्हणजे माणसागणिक वेगळी तपासणी, वेगळं औषध, वेगळं बिल, हे समीकरण आपल्या गळी उतरवलं जातंय. मद्रासचा धडा वेगळा आहे. माणसं वेगवेगळी आहेत हे कळल्यावर सगळ्यांसाठी असलेली पद्धतच अशी बदलता येते, की त्यात कुणी भरडलं जाऊ नये. सार्वजनिक आरोग्याची ही खरी हुशारी, आणि ती स्वस्त पडते.

अर्थात प्रत्येक वेळी अशी सोय निघत नाही. हिवतापाचं बघा. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. त्यांना हुसकायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या पेशी या औषधानं फुटतात. डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते, आणि बिघाड मोठा असेल तर जिवावर बेततं. हा प्रकार १९५६ मध्ये अमेरिकेत उलगडला. त्यासाठी इलिनॉयमधल्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाले होते, हेही विसरू नये. आपल्याकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पारशी समाजात हा बिघाड मोठ्या प्रमाणात आढळला, सहा-सात पुरुषांमागे एक एवढा. पुढे त्याचे भारतीय प्रकार वेगळे ओळखले गेले. त्यातल्या एकाचं नाव ‘केरळ-कल्याण’. लोकलच्या वेळापत्रकाखेरीज कल्याणचं नाव जगात आणखी कुठे छापलेलं सापडत असेल, तर ते या जनुकाच्या यादीत.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात, फडाच्या कडेला पालं पडतात. पालातल्या कुणाला हिवताप निघाला तर त्याला गोळ्या मिळतात, सूचनाही मिळतात. पण पाचव्या-सहाव्या दिवशी लघवी काळी झाली, तर टोळी तोवर दुसऱ्या फडावर गेलेली असते. थेंबभर रक्तावर होणारी जी-सिक्स-पीडीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी, असं मला वाटतं ते म्हणूनच. ज्या तपासण्यांसाठी सरकारनं खरोखर हात सैल सोडावा, त्यांत मी तिला वरचं स्थान देईन.

आणि जिथे ती नसेल तिथे एक फुकटातली तपासणी आहे: मामा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही. मुलाला हा बिघाड मिळतो तो आईकडून. आई बहुधा ठणठणीत असते, कारण तिच्याकडे दुसरा एक्स असतो. त्रास होतो तो तिच्या भावाला. म्हणजे मुलाला प्रायमाक्विन देण्याआधी विचारायचा प्रश्न असा: ‘याच्या मामाला कधी गोळ्यांनी कावीळ झाली होती का? जन्मल्यावर याला दिव्याखाली ठेवावं लागलं होतं का?’ वडिलांच्या सात पिढ्या सांगणाऱ्या आपल्या समाजात डॉक्टरनं आजोळाची चौकशी करावी, हे मला मनापासून आवडतं. जाता जाता: बाळंतिणीच्या घरी ट्रंकेतली जुनी दुपटी काढतात, त्यांत डांबरगोळ्या घातलेल्या असतात. त्यातलं नॅप्थलिन हा बिघाड असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी असंच फोडू शकतं. दुपटी धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावीत. आणि डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत नसलेल्याच बऱ्या.

आता अवघड भागाकडे वळतो. वर मी ‘पारशी समाजात’ असं लिहिलं. त्यावरून पुढची पायरी फार सोपी वाटते: समाज विचारा, औषध ठरवा. महाराष्ट्रात तर ‘आडनाव काय?’ या एका प्रश्नात माणसाचा अर्धा नकाशा काढायची सवय आहे. आणि पंचाईत अशी, की विज्ञान या सवयीला थोडाफार दुजोरा देतं. भूल देताना स्नायू ढिले करायला सक्सिनिलकोलीन नावाचं इंजेक्शन वापरतात. त्याचा असर काही मिनिटांत उतरतो, कारण रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. आर्य वैश्य, म्हणजे ज्यांना आपण मराठवाड्यात-विदर्भात कोमटी म्हणतो, त्या समाजातल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जवळजवळ नसतं. मग मिनिटांचं काम तासांवर जातं. शस्त्रक्रिया संपते, आणि रोगी स्वतःचा श्वास घेऊ शकत नसल्यामुळे त्याला यंत्रावर ठेवावं लागतं. या समाजातला नेमका जनुकबदल २००६ मध्ये नोंदला गेला. दक्षिणेतले भूलतज्ज्ञ हे जाणून असतात. त्यांनी आडनाव विचारलं तर त्यामागे आयुष्यात एकदा तरी सत्कारण असतं.

कारण आपण शतकानुशतकं जातीत लग्नं केली. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले संशोधक आणि हार्वर्डमधले त्यांचे सहकारी यांनी दक्षिण आशियातले २६३ समाजगट तपासले. त्यातल्या ८१ गटांत, मूठभर पूर्वजांपासून सगळी वस्ती वाढल्याची खूण अश्केनाझी ज्यू किंवा फिनिश लोकांहूनही ठळक होती. जातीनं आपल्या रक्तात खरोखर काहीतरी लिहून ठेवलंय. हे नाकारून पुरोगामी होता येणार नाही.

तरीही आडनावावरून औषध ठरवण्याच्या मी ठाम विरोधात आहे, आणि कारण भावनेचं नाही, हिशेबाचं आहे. कोमटी समाजातल्या बहुसंख्य माणसांचं हे एन्झाइम ठीक असतं. उलट शिरूरच्या टेबलावर झोपलेल्या मराठा, माळी, महार, मुसलमान कुणाचंही ते बिघडलेलं असू शकतं. बिघाड सगळीकडे आहे, फक्त विरळ आहे. आडनाव ऐकून निर्धास्त झालेला भूलतज्ज्ञ या दुसऱ्या माणसाला मारेल. आणि शेतकऱ्याच्या बाबतीत जनुकांचा काही संबंध नसताना हेच घडू शकतं: ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं हेच एन्झाइम दाबून टाकतात. आपल्याकडे फवारणीच्या त्या विषालाही औषधच म्हणतात. ‘काल औषध मारलं’ असं सांगणाऱ्या माणसाला आज भूल द्यायची असेल, तर त्याच्या जातीपेक्षा त्याच्या कांद्याच्या वाफ्याची माहिती जास्त उपयोगी.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. ‘तुम्ही कुठले?’ हे सोडा. ‘तुमच्या घरात कुणाला ऑपरेशननंतर शुद्धीवर यायला, श्वास घ्यायला वेळ लागला होता का?’ हे विचारा. जात हा घराचा फार ढोबळ अंदाज आहे. घर समोर बसलेलं असताना अंदाज कशाला?

इथे आयुर्वेदाचा माणूस हात वर करेल, आणि त्याला बोलू द्यायला हवं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून औषध वेगळं, हे आमच्याकडे आधीपासून आहे, असं तो म्हणेल. आहेच. ‘प्रकृती कशी आहे?’ हा प्रश्न आपण अजून पत्राच्या शेवटी लिहितो. पुणे विद्यापीठात योगिता घोडके, कल्पना जोशी आणि भूषण पटवर्धन यांनी हा दावा तपासायला घेतला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. १३२ निरोगी माणसांची प्रकृती वैद्यांच्या पद्धतीनं ठरवली आणि त्यांचं ते मघाचंच सीवायपी-२सी१९ तपासलं. पित्त प्रकृतीच्या ९१ टक्के लोकांचा चरक चांगला चालणारा निघाला; मंद चरकवाले कफ प्रकृतीत ३१ टक्के, वातात १२, पित्तात ९. पित्ताचा अग्नी तीक्ष्ण, कफाचा मंद, या जुन्या म्हणण्याशी आकडे इतके जुळतात की वाचताना अंगावर काटा येतो.

मला अशा काट्याची भीती वाटते. १३२ माणसं तिघांत वाटली की वाट्याला सरासरी ४४ येतात, आणि त्यांचे ३१ टक्के म्हणजे जेमतेम चौदा माणसं. एवढ्यावर सुंदर कल्पना मांडता येते, औषधाची मात्रा ठरवता येत नाही. संशोधकांचा यात दोष नाही. त्यांनी प्रश्न विचारण्याचं धाडस केलं, जे प्रकृतीच्या नावानं काढे विकणाऱ्यांनी कधी केलेलं नाही. खटकतं ते एवढंच, की दहा हजार लोकांवर तो प्रश्न पुन्हा विचारायचा सोडून आपण ‘आमच्या ऋषींना हे माहीत होतं’ यावर समाधान मानलं.

याच धाग्याचं दुसरं टोक शिरूर तालुक्यात आहे. वढू बुद्रुक म्हटलं की महाराष्ट्राला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते. त्याच वढूत पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला, गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. त्या स्वतः पारशी होत्या. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२च्या ऑगस्टपासून केईएमच्या संशोधन केंद्रानं शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांची नोंद सुरू केली: कोण जन्मलं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, कोण नव्यानं आलं. रोटाव्हायरसच्या भारतीय लशीच्या चाचणीत वढूच्या परिसरातली बाळं होती. आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी इथल्याच १४७ निरोगी माणसांच्या वात-पित्त-कफाच्या नोंदी संगणकाला शिकवल्या गेल्या. वैद्यानं केलेली वर्गवारी संगणकाला बऱ्याच अंशी जमली. याचा अर्थ वैद्याची प्रश्नावली मनमानी नसते, तिला आतून शिस्त असते. औषध कुणाला मानवेल हे त्यातून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींतलं अंतर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत नेहमी गळून पडतं.

वढूकडून मला घ्यायची आहे ती वही. बावीस गावांतली जन्म-मृत्यूची नोंद वर्षानुवर्षं ठेवता येते, तर ‘कोणत्या औषधानं कुणाला काय झालं’ हा एक रकाना का ठेवता येऊ नये? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना २०१० पासून आपल्याकडे आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करून रोगी स्वतःही कळवू शकतो. किती मेडिकल दुकानांच्या काउंटरवर हा क्रमांक लावलेला तुम्ही पाहिलाय? मी शोधत असतो.

अशी वही नसली की परदेशी यादी उसनी आणावी लागते, आणि ती यादी आपल्यासाठी केलेली नसते. रक्ताच्या कर्करोगात मुलांना मर्कॅप्टोप्युरिन देतात. काही मुलांच्या पांढऱ्या पेशी त्यानं धोकादायक खाली जातात. युरोप-अमेरिकेत यासाठी टीपीएमटी हे जनुक तपासायचा प्रघात पडला. आपल्याकडची पुष्कळ मुलं त्या तपासणीत पास होत आणि तरी कोसळत. २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून एनयूडीटी-१५ हे दुसरंच जनुक पुढे आलं, आणि भारतीयांतही तेच जास्त महत्त्वाचं ठरलं. दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा ‘जिनोम इंडिया’ प्रकल्प, ज्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्याचं मोल इथे आहे. पण त्या दहा हजारांच्या जनुकांशेजारी त्यांना कोणती गोळी सोसली नाही हे लिहिलेलं नसेल, तर ते शब्दकोशाशिवाय लिपी हातात आल्यासारखं होईल.

आणि जनुकांचं फार कौतुकही नको. कोडीनचं काहींच्या अंगात झपाट्यानं मॉर्फीन होतं, म्हणून अमेरिकेनं २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला मनाई केली. माझ्या आत्याच्या झोपेचं उत्तर कदाचित तिथे असेल. कदाचित ती रात्रभर खोकून दमलेली असेल. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं ब-१२ घटतं. आणि पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर मातांचा जो अभ्यास केला, त्यात ब-१२ची कमतरता आधीच घरोघर दिसली होती. अशा अंगावर ते औषध पडलं आणि पाय बधिर झाले, तर त्याला जनुक जबाबदार की ताट? मूत्रपिंड थकलेलं असतं, यकृत दारूनं सुजलेलं असतं, एकादशीला गोळी वगळलेली असते, पैसे पुरावेत म्हणून एका गोळीच्या दोन केलेल्या असतात. यातलं काहीच कुठल्या प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही. तरी हे सगळं ‘मानवत नाही’ या दोन शब्दांत मावतं. शब्द ढोबळ आहे, म्हणूनच तो पहिली पायरी म्हणून चांगला. कारण नंतर शोधता येतं. आधी घटना कागदावर यायला हवी.

आणि कागदावर यायची तर औषधाचं नाव लागतं. आषाढात तुकोबांची पालखी यवत, वरवंड असे मुक्काम करत दौंड तालुक्यातून जाते. वाटेवर आरोग्य पथकांचे तंबू असतात. डॉक्टरांना माणसामागे दोन मिनिटं मिळतात. समोरचा वारकरी कुठल्या जिल्ह्यातला, त्याच्या घरात काय, मामाला काय, काही ठाऊक नसतं. म्हातारा बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतो. पिशवीत तीन-चार पाकिटांचे तुकडे असतात, कारण गावच्या मेडिकलवाल्यानं पाकीट कात्रीनं कापून पाच-पाच गोळ्या दिलेल्या असतात. नाव, मात्रा, मुदत, २०२३ पासून मोठ्या तीनशे ब्रँडवर सक्तीचा झालेला क्यूआर कोड, जे काही होतं ते दुकानदाराकडच्या अर्ध्या पाकिटावर राहिलेलं.

‘बाबा, यातली कुठली मानवत नाही म्हणालात?’

‘ती यात न्हाई. ती बारकी, पांढरी व्हती.’